ज्युनिअर इयर, कॉलेजची यादी आणि घरातलं पैशाचं बोलणं

नमस्कार मंडळी. मुलं पण आलीयेत हे बघून खूप बरं वाटलं. पुढे येऊन बसा रे, आजचं अर्धं बोलणं तुमच्याशीच आहे.

गेली काही वर्षं मी ओळखीतल्या घरांना इथल्या, अमेरिकेतल्या कॉलेजच्या फॉर्मसाठी मदत करतेय, आणि दरवर्षी एप्रिलमध्ये एक फोन येतोच. मुलगी सीनियर, म्हणजे बारावीत असते, तीनचार ठिकाणी ॲडमिशन मिळालेली असते, भारतात आजीआजोबांना सांगून झालेलं असतं, आणि मग आई हळू आवाजात विचारते, अगं वर्षाला नव्वद हजार डॉलर म्हणतायत, आता कुठे स्कॉलरशिप मिळेल का? मला फार वाईट वाटतं कारण तेव्हा हातात फार काही उरलेलं नसतं, १ मेपर्यंत कॉलेजला कळवायचं असतं. हेच ती एक वर्ष आधी, ज्युनिअर इयरच्या, म्हणजे अकरावीच्या मध्यावर विचारती तर कितीतरी करता आलं असतं. म्हणून आज ज्युनिअर्सच्या आईबाबांना बोलावलंय.

तर सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. स्कॉलरशिप म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतं की वेबसाइटवर शोधायचं, निबंध लिहायचा, चेक मिळवायचा. तसे पैसे असतात, पण मोठी रक्कम, चारही वर्षं चालणारी, ती बहुतेक वेळा कॉलेज स्वतः देतं. म्हणजे तुमच्या मुलाला किती मदत मिळणार हे बरंचसं तुम्ही कुठल्या कॉलेजांना अप्लाय करता त्यावर ठरतं, आणि ती यादी ज्युनिअर इयरमध्ये बनते.

कॉलेजचे पैसे दोन प्रकारचे. एक गरज बघून दिलेले, नीड बेस्ड, आणि दुसरे मार्क, टेस्ट, बाकीची कामगिरी बघून दिलेले, मेरिट. हार्वर्ड, येल, प्रिन्सटन वगैरे आयव्ही लीग या नामांकित गटाची आठही कॉलेजं मेरिट स्कॉलरशिप देत नाहीत, एकही नाही, तिथे जे मिळतं ते फक्त घरची परिस्थिती बघून. आपल्यातल्या खूप घरांना हे माहीतच नसतं, ते म्हणतात आमचा मुलगा एवढा हुशार आहे, काहीतरी देतीलच की. नाही देत हो. तिथे सगळीच मुलं हुशार असतात. पण उलटी चूकही होते, नुसता छापील आकडा बघून लोक ते कॉलेज यादीतून काढूनच टाकतात. २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या टर्मपासून, हार्वर्डने आणि एमआयटीने दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन, म्हणजे शिक्षणाची फी, माफ केलीय, साधारण मालमत्ता धरून. आता बघा, ज्या घरात एकाच पगारावर सगळं चालतं त्यांना हे कॉलेज स्वतःच्या स्टेट युनिव्हर्सिटीपेक्षा स्वस्त पडू शकतं.

हे कळायचं कसं? नेट प्राइस कॅल्क्युलेटर. २०११ पासून फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला तो वेबसाइटवर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. टॅक्स रिटर्न समोर घ्या, पंधरावीस मिनिटं लागतात, आणि तुमच्या घराला साधारण काय खर्च येईल तो आकडा समोर येतो. स्वतःचा बिझनेस असेल किंवा आईबाबा वेगळे राहत असतील तर तो आकडा चुकू शकतो, अशा घरांनी कॉलेजच्या एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदतीच्या विभागाला, सरळ फोन करावा.

आणि ज्यांचा आकडा खूप मोठा येईल, म्हणजे दोघंही आयटीत, कागदावर उत्पन्न चांगलं, पण घराचा हप्ता, धाकटी भावंडं, भारतात आईवडिलांचं औषधपाणी, तर त्यांनी मेरिट देणारी कॉलेजं शोधावी. त्यासाठी एक कागद वाचायला शिका, कॉमन डेटा सेट. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून सर्च करा, बहुतेकांचं पीडीएफ मिळतं. त्यात एच विभाग पैशाचा, आणि त्यात एच टू ए मध्ये लिहिलेलं असतं की ज्यांना गरज नव्हती अशा किती मुलांना कॉलेजने स्वतःचे पैसे दिले आणि सरासरी किती. कुठे तो आकडा शून्य असतो आणि कुठे वर्गातली बरीच मुलं असतात. मी तर म्हणेन रँकिंग बघण्याआधी हे बघा. अलाबामा युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी तर जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, आणि टेस्ट स्कोअरवरून किती मिळणार याचा तक्ताच वेबसाइटवर असतो, बाहेरच्या राज्यातल्या मुलांसाठीसुद्धा. पश्चिमेकडच्या राज्यात राहत असाल तर वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज बघा, त्यात शेजारच्या राज्यातल्या सामील कॉलेजात तिथल्या रहिवाशांच्या ट्यूशनच्या जास्तीत जास्त दीडपट भरावं लागतं.

डेडलाइनचं एक. मेरिटसाठी बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर किंवा १ डिसेंबरपर्यंत अर्ज लागतो, जानेवारीची तारीख फक्त ॲडमिशनसाठी असते. हे पानाच्या खाली कुठेतरी लिहिलेलं असतं आणि तेच सुटतं.

आता फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीसाठी भरायचा फॉर्म. तो सीनियर इयरमध्ये १ ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो म्हणून सगळे म्हणतात अजून वेळ आहे. पण तो उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं बघतो. २०२७ च्या फॉलला जाणाऱ्या मुलासाठी २०२५ चं टॅक्स रिटर्न, म्हणजे सोफोमोर इयरची, दहावीची, दुसरी टर्म आणि ज्युनिअर इयरची पहिली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं ते वर्ष संपलंसुद्धा, त्याला आता हात लावता येत नाही. पण बचत मात्र फॉर्म भरायच्या दिवशीची बघतात, आणि त्यात मुलाच्या नावावरचे पैसे २० टक्क्यांनी मोजतात, आईबाबांचे जास्तीत जास्त ५.६४ टक्क्यांनी. आजीने नातीच्या नावावर प्रेमाने टाकलेले दहा हजार म्हणजे दोन हजार तुम्ही भरू शकता असं धरलं जातं. रिटायरमेंट अकाउंटमधली शिल्लक धरत नाहीत. काही प्रायव्हेट कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म मागतात, तो जास्त खोलात जातो, बऱ्याच ठिकाणी राहत्या घराची किंमतपण विचारात घेतात.

पीएसएटी, म्हणजे एसएटी या प्रवेश परीक्षेच्या आधीची परीक्षा, ती तर ज्युनिअर्सची ऑक्टोबरमध्ये झालीच, पण धाकटी भावंडं असतील तर लक्षात ठेवा, नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या स्कॉलरशिपसाठी ज्युनिअर इयरचीच धरतात. देशभरात साधारण १६,००० सेमीफायनलिस्ट होतात, कटऑफ राज्याप्रमाणे वेगळा. त्यांची स्वतःची स्कॉलरशिप एकदाच २,५०० डॉलरची आहे, पण काही युनिव्हर्सिटी फायनलिस्टना याच्या कितीतरी पट देतात, खरा फायदा तिथे आहे.

बाहेरच्या स्कॉलरशिप कराव्यात का? कराव्यात, पण हिशोब समजून. कोका-कोला स्कॉलर्समध्ये १५० मुलांना प्रत्येकी २०,००० डॉलर मिळतात आणि त्यासाठी सगळ्या देशातून मुलं उतरतात. त्यापेक्षा तुमच्या हायस्कूलच्या काउन्सेलरकडची यादी, आईबाबांची कंपनी, गावातली क्रेडिट युनियन, रोटरी, इथे रक्कम पाचशे ते हजार डॉलर असते पण अर्ज करणारी मुलं कमी असतात. कॉलेजला मात्र आधी विचारा की बाहेरून पैसे आणले तर तुमची मदत तेवढी कमी करणार का, कारण बऱ्याच ठिकाणी करतात. आणि अर्जासाठी जो कोणी फी मागेल, गॅरंटी देईल, तिथून उठायचं.

मुलांनो, आता तुमचं. ज्या दोन टीचर्सना तुम्ही नीट माहीत आहात त्यांना मेच्या आत रेकमेंडेशनच्या पत्रासाठी विचारा, फॉलमध्ये त्यांच्याकडे रांग लागलेली असते. एसएटीची तयारी खान अकॅडमीवर फुकट आहे. आणि उन्हाळ्यात दुकानात काम केलंत, घरी धाकट्या भावाला सांभाळलंत, तर ते अर्जात लिहा, ते काही कमी प्रतीचं नाही. आपली मुलं हे लिहायला लाजतात, मला ते बघवत नाही.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. आपल्या घरात एक वाक्य असतं, तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो. प्रेमानेच म्हणतो आपण. एका घरात मी हे जवळून बघितलं, मुलाने आवडत्या कॉलेजला अर्ली डिसिजनने, म्हणजे मिळालं तर तिथेच येईन असं कबूल करून, अप्लाय केलं, मिळालं, आणि अर्ली डिसिजन बंधनकारक असल्यामुळे दुसऱ्या ऑफरशी तुलना करायची सोयच राहिली नाही. कॅल्क्युलेटर कुणी उघडलाच नव्हता. बाबांनी घरावर कर्ज काढलं आणि मुलाला सांगितलं नाही. त्याला दुसऱ्या वर्षी कळलं तेव्हा तो म्हणाला, बाबा, मला आधी सांगितलं असतं तर मी तिथे अप्लायच केलं नसतं, मला दुसरंही कॉलेज आवडलं होतं. सोळा सतरा वर्षांच्या मुलाला आकडा कळतो हो. दरवर्षी आम्ही एवढे देऊ शकतो, त्याच्यावर नाही, हे एकदा जेवणाच्या टेबलावर स्पष्ट सांगा, आणि मुलांनो, रडू आलं तरी ऐकून घ्या, यादी त्यानंतर करा.

मागून ताईंनी विचारलंय की मुलगी एच-फोरवर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या एच-वन व्हिसामुळे मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर आहे, तिचं काय. ताई, फेडरल मदत तिला मिळत नाही, त्यासाठी सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्डसारखं स्टेटस लागतं. मूल इथे जन्मलेलं असेल तर मात्र आईबाबा एच-वनवर असले तरी ते मूल पात्र असतं, लोक घाबरून भरतच नाहीत. तुमच्या मुलीसाठी पहिलं काम, तुमच्या राज्यात एच-फोरला इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी ट्यूशन मिळते का ते युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा, राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत. दुसरं, एकविसाव्या वर्षी तिला एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल, ते बहुतेक कॉलेजच्या मधल्या वर्षात येतं, तेव्हा ती इन-स्टेट टिकते का हेही आत्ताच विचारा. कॉलेजचं स्वतःचं मेरिट अनेक ठिकाणी स्टेटस न बघता मिळतं. आणि एमआयटी, प्रिन्सटन, ॲमहर्स्ट अशी थोडी कॉलेजं बाहेरच्या देशाच्या मुलांनाही गरज न बघता प्रवेश देतात आणि लागेल ती मदत करतात, पण तिथे शिरणं फार कठीण आहे, तेवढ्यावर विसंबू नका. कार्यक्रम संपला की जाऊ नका, तिची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मार्कांची नोंद, फोनवर असेल तर इथेच बसून तिची यादी आपण सुरू करू.