लिनक्स टाकताय? त्या एका स्क्रीनवर थांबा

नमस्कार राजेहो! हा माझा जुना लॅपटॉप. विंडोज ११ याला झेपत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. भंगारात द्यायच्या आधी यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम, टाकून पाहू.

नागपूरच्या बर्डीवरून आणलेला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाणार, हे धरून चला. मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं मिंट एकाच फाइलमध्ये, उतरवा आणि रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी-पेस्ट केली तर लॅपटॉप त्यावरून सुरूच होत नाही. मग रिस्टार्ट करून बूट मेनू, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते विचारणारी यादी, उघडा. त्यासाठी सुरू होतानाच बटन दाबायचं: डेलला एफ१२, एचपीला बहुतेक वेळा एफ९.

हे बघा, मिंट चालू झालं. अजून हार्डडिस्कला हात लागलेला नाही, सगळं पेनड्राइव्हवरून चाललंय, म्हणून जरा हळू आहे. आत्ताच वायफाय जोडून बघा, एखादं गाणं लावून आवाज तपासा. इथं वायफाय दिसत नसेल तर इन्स्टॉलची घाई करू नका.

आता ती स्क्रीन. 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट', म्हणजे डिस्क पुसून मिंट टाका. पहिल्या वेळी मला वाटलं, डिस्क म्हणजे पेनड्राइव्हच असेल! दिलं दाबून. लॅपटॉप काकांच्या दुकानाचा, त्यात तीन वर्षांची उधारी. काका महिनाभर बोलले नाहीत. उधारीवाले मात्र भलतेच प्रेमाने बोलायला लागले.

म्हणून इथं आकडा वाचा. ५१२ जीबी लिहिलं असेल तर ती तुमची आतली डिस्क, विंडोज आणि फोटोंसकट. विंडोज ठेवायचं असेल तर 'अलाँगसाइड'चा, म्हणजे विंडोजच्या शेजारीच मिंट बसवायचा, पर्याय निवडा. तो दिसतच नसेल तर पुढे जाऊ नका, मागे फिरा. आणि बॅकअप? तो दुसऱ्या ड्राइव्हवर, हे सगळं सुरू करायच्या आधीच. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर ते उघडणारी रिकव्हरी कीसुद्धा कागदावर उतरवून ठेवा.

चार्जर लावलेलाच राहू द्या. मे महिन्यात लाईन कधी जाईल, नेम नाही, आणि जुन्या बॅटरीचा काय भरवसा!

बाकी टाइमझोन, नाव, पासवर्ड सोपं आहे. शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर मारायला सांगतो, तसं करा. पण पेनड्राइव्ह लगेच फॉरमॅट करू नका. उद्या लॅपटॉप सुरूच झाला नाही, तर आत शिरायला तोच कामी येतो.