वाळवंटातले करंडे

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी १८३२. 'बीगल' जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्ड बेटांजवळ पोचत होतं. डोलकाठीवरच्या वातदर्शकाच्या झिरझिरीत कापडात तपकिरी धूळ अडकली होती. तरुण चार्ल्स डार्विनने ती पुडीत बांधून ठेवली. पुढे अशा पाच पुड्या बर्लिनला सूक्ष्मजीवांचे अभ्यासक एरेनबर्ग यांच्याकडे गेल्या. त्यांना त्या धुळीत ६७ प्रकारचे जैविक अवशेष सापडले. त्यांतले सूक्ष्मजीव, दोन वगळता, सगळे गोड्या पाण्यातले! सहारावरून येणाऱ्या वाऱ्यात गोड्या पाण्यातले जीव कुठून आले?

अशा धुळीचं मोठं कोठार म्हणजे आफ्रिकेतल्या चाड देशाच्या उत्तरेचा बोडेलेचा सखल भाग, हजारो वर्षांपूर्वीच्या एका महातळ्याचा कोरडा तळ. तिथला पांढरा दगड खडूसारखा हलका असतो, चुरडला की बोटांना पूड लागते. ती पूड म्हणजे डायटमची, पाण्यातल्या एकपेशीय शैवालांची, कवचं. मराठीत यांना करंडक वनस्पती म्हणतात, आणि हे नाव मला फार आवडतं. कुंकवाच्या करंड्यासारखीच रचना, खाली डबी आणि वर झाकण, सगळं सिलिकाचं. म्हणून तर ती हजारो वर्षं टिकतात.

अभ्यासक गाळाचा नमुना रसायनांनी धुतात, थेंबभर काचेवर वाळवतात आणि एकेक कवच ओळखून मोजतात, तीनशे-चारशे तरी. हे डोळे शिणवणारं काम आहे, पण हवामानाचा पत्ता तिथेच लागतो. ऑलाकोसायरा नावाच्या डायटमची कवचं जड, साखळीने जोडलेली. संथ पाण्यात ती बुडतात, म्हणून ती भरपूर दिसली की समजायचं, पाणी गोडं होतं आणि वाऱ्याने घुसळलं जात होतं. खाऱ्या पाण्यातल्या जाती वाढल्या, की तळं आटत होतं.

हे तळं होतं केवढं? सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राहून मोठं. तळं भरलेलं होतं त्या काळी पृथ्वीच्या आसाच्या डोलण्यामुळे उत्तर गोलार्धातला उन्हाळा प्रखर होता, त्यामुळे मोसमी पाऊस सहारात खोलवर पोचायचा. राजस्थानात लुणकरणसरचं तळंही सहा हजार वर्षांपूर्वी भरलेलं होतं. पाचेक हजार वर्षांपूर्वी चाडचं महातळं झपाट्याने ओसरलं.

आता तिबेस्ती आणि एनेदी या डोंगरांमधून घुसणारा वारा तो तळ खरवडतो आहे. वरचे थर अनेक ठिकाणी केव्हाच उडून गेले, म्हणजे तळ्याच्या अखेरच्या काळातली कवचंही गेली. त्यातली काही अटलांटिकच्या तळाशी साचलेल्या गाळात सापडतात, समुद्री जिवांच्या कवचांमध्ये मिसळलेली.