दगडातल्या बायका आणि रखमाबाई

रविवारची सकाळ आहे. ओव्हल मैदानावर क्रिकेटचे डाव सुरू झाले आहेत आणि मैदानाच्या पूर्वेच्या कडेला वीस-बावीस माणसे मान वर करून उभी आहेत. ती पाहत आहेत मुंबई उच्च न्यायालयाच्या माथ्यावरच्या दोन दगडी स्त्रिया. एक न्याय आहे, दुसरी दया. १८७८ मध्ये ही इमारत बांधून झाली, तेव्हापासून त्या तिथे आहेत. मात्र त्यांच्या खाली, या भिंतींच्या आत, स्त्रीला वकील म्हणून उभे राहता यावे यासाठी १९२३ चा कायदा यावा लागला, आणि न्यायाधीशाच्या आसनावर पहिली स्त्री, सुजाता मनोहर, बसल्या त्या १९७८ मध्ये. महाराष्ट्राच्या राजधानीतला स्त्रियांचा इतिहास पायी चालत दाखवणारी ही फेरी इथून सुरू होते.

वाट दाखवणाऱ्या ताई इथे सर्वांत जास्त वेळ थांबतात, आणि आम्हीही थांबणार आहोत.

ही हकीकत रखमाबाईंची आहे. त्यांचा जन्म १८६४ चा. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले, परंतु त्या सासरी गेल्या नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरीच त्या वाढल्या, वाचत राहिल्या आणि स्वतःचे मत बनवत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोने नांदायला यावे यासाठी याच न्यायालयाचे दार ठोठावले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ज्या कायद्याच्या आधारे हा दावा उभा राहिला तो हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला होता. आणि नांदण्याचा हुकूम न मानणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने त्याच १८८४ साली काढून टाकली होती. मुंबईत ती शाबूत राहिली.

पहिली सुनावणी न्यायमूर्ती पिन्ही यांच्यासमोर झाली. ज्या मुलीचे लग्न तिला काही कळत नसताना लावले गेले आणि जी कधी नांदलीच नाही, तिला परक्या माणसाच्या घरी राहायला भाग पाडता येणार नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये दावा फेटाळला. त्याच वर्षी वर्तमानपत्रात ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने बालविवाहावर आणि विधवांवर लादलेल्या वैधव्यावर दोन पत्रे छापून आली होती. ती रखमाबाईंनी लिहिली होती. निकालाविरुद्ध अपील झाले, वरच्या पीठाने १८८६ मध्ये खटला पुन्हा चालवण्यास पाठवला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जावे, अन्यथा सहा महिन्यांच्या तुरुंगवासाला तयार राहावे. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. टिळकांसारखे नेते त्यांच्या विरोधात लिहीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या उत्तराचे वजन कळते. ताई ते उत्तर सांगतात तेव्हा मैदानावरचा आरडाओरडा चालूच असतो, पण समोरची माणसे गप्प होतात.

शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. या वादाचा धुरळा खाली बसण्यापूर्वीच १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा झाली.

शेजारीच विद्यापीठाचे आवार आहे आणि त्यात राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी देताना मनोऱ्याला आपल्या आईचे नाव देण्याची अट घातली होती. या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी. त्या शिकल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, आणि पुढे ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकल्या.

पुढची वाट हुतात्मा चौकातून जाते. इथल्या कारंज्यावर फ्लोरा ही वसंताची रोमन देवी उभी आहे. दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या कमानींखालून माणसे एका रांगेत चालतात. या टप्प्यावर ताई फारसे बोलत नाहीत. रस्त्याच्या टोकाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट दिसू लागतो, आणि घुमटावर हातात मशाल घेतलेली आणखी एक दगडी स्त्री. तिचे नाव प्रगती. न्याय, दया, वसंत आणि प्रगती या सगळ्यांना या शहराने स्त्रीचे रूप देऊन उंचावर बसवले. ज्या स्त्रियांनी ही मूल्ये प्रत्यक्ष मागितली, त्यांच्यासाठी मात्र आपल्याला अशी फेरी काढावी लागते, याची आम्हाला खंत आहे.

स्थानकापासून थोड्याच अंतरावर कामा रुग्णालय आहे. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून ते उभे राहिले आणि १८८६ मध्ये सुरू झाले. स्त्रिया आणि मुलांसाठीच्या या रुग्णालयात डॉक्टरही स्त्रियाच असाव्यात, हा त्यामागचा विचार होता, कारण पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणे बरे, असे मानणारी घरे तेव्हा असंख्य होती. रुग्णालयाची धुरा इंग्लंडहून आलेल्या डॉक्टर ईडिथ पीची यांच्याकडे होती. एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी लढलेल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. रखमाबाईंना लंडनला जाऊन डॉक्टर होता यावे म्हणून पैसा उभा करण्यात त्यांचा वाटा होता. रखमाबाई डॉक्टर होऊन परतल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे रुग्णसेवा केली.

फेरीचा दुसरा भाग गिरगावच्या बाजूला, ऑगस्ट क्रांती मैदानावर होतो. तिथे ९ ऑगस्ट १९४२ रोजी अरुणा असफअली यांनी तिरंगा फडकवला होता. आजचा दिवस मात्र इथे, कामा रुग्णालयाच्या फाटकाशी संपतो. ताई अजून एकीच्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत. फाटकासमोर उभी असलेली माणसे बाजूला होतात, कारण एक टॅक्सी आत यायची आहे.