मांडीभर पाण्यावर तरंगणारी युद्धनौका

श्रोतेहो, नमस्कार. 793 साली वायकिंगांनी, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी धाडखोरांनी, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ लुटला. अशा धाडींचं श्रेय आपण त्यांच्या कुऱ्हाडींना देतो. मला ते त्यांच्या सुतारांना द्यावंसं वाटतं.

डेन्मार्कमध्ये रोस्किल्डजवळच्या खाडीतून 1962 साली वायकिंगांच्या पाच बुडालेल्या नौका बाहेर काढल्या. त्यांतली एक लहान युद्धनौका बघा. बांधणी 1030 च्या सुमाराची. लांबी 17.3 मीटर, रुंदी जेमतेम अडीच मीटर, वल्ही 26, माणसं तीसेक. आणि तरंगायला पाणी लागायचं अवघं 60 सेंटिमीटर!

याचं गुपित फळीत आहे. ओकचा सरळ ओंडका करवतीने कापत नसत. पाचरी ठोकून आधी त्याची दोन शकलं, मग चार, मग आठ, असा तो गाभ्यापासून सालीकडे फाडत जायचा. त्यामुळे लाकडाचे तंतू अखंड राहतात आणि दोन-अडीच सेंटिमीटरची फळीसुद्धा लाटेबरोबर वाकते, मोडत नाही. करवतीने तंतू तुटले, तर तेवढ्याच ताकदीसाठी फळी जाड घ्यावी लागते. मग वजन वाढतं आणि नौका खोल बसते.

खाली कणा, म्हणजे आपल्याकडचे होड्या बांधणारे ज्याला पठाण म्हणतात तो. त्यावर एकीच्या काठावर दुसरी चढवत फळ्या लोखंडी रिव्हेटांनी जोडायच्या, सांध्यांत डांबरलेली लोकर भरायची. फासळ्या नंतर बसायच्या. असं लवचीक कवच सांध्यांतून थोडं पाणी घेणारच, म्हणून उपसा सतत चालू ठेवावा लागे.

धाडीला बंदर लागत नसे. नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, वाळूवर टेकवली की माणसं उतरत. दोन्ही टोकं निमुळती, त्यामुळे न वळवताच नौका उलटी वल्हवून निघता येई. डोलकाठी आडवी केली की नदीतही शिरता येई. 845 साली ते सीन नदीतून थेट पॅरिसला पोचले. तिथल्या राजा चार्ल्सने 7000 पौंड चांदी देऊन त्यांना परत पाठवलं.

पण या नौकांच्या कडा बुटक्या. उंचावरून मारा झाला की आडोसा नाही. म्हणून चार्ल्सने 862 पासून सीनवर तटबंदीचा पूल उभारायला घेतला.

रोस्किल्डच्या त्या पाच नौकाही नंतर अडथळा म्हणूनच कामी आल्या. अकराव्या शतकात त्यांत दगड भरून त्या खाडीत बुडवल्या, शत्रूची जहाजं शहरापर्यंत येऊ नयेत म्हणून.