मातीची रेघ

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

माती तपासणीचा अहवाल येईपर्यंत पेरणी उरकलेली असते, ही तुमची तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे, आणि ती रास्त आहे. नुसता सेंद्रिय कर्ब मोजायचा तरी वॉकली-ब्लॅक यांच्या १९३४ सालच्या पद्धतीनं डायक्रोमेट आणि संहत गंधकाम्ल घालावं लागतं, वर क्रोमियमचं विषारी सांडपाणी उरतं.

आज सांगतो आहे ते प्रकाशानं माती तपासण्याबद्दल. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगांत तापमापक ठेवले. तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथं पारा सर्वांत वर चढला. तेच हे अवरक्त किरण.

वाळवून चाळलेली माती वाटीत भरायची, तिच्यावर हे किरण सोडायचे आणि परत येतील ते मोजायचे. मिनिटभरात पडद्यावर रेघ उमटते. ती जिथं खाली दबते, तिथं मातीनं प्रकाश गिळलेला असतो. प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात; १९०० नॅनोमीटरजवळचा खळगा पाण्याचा, २२०० जवळचा चिकणमातीचा, २३४० च्या आसपासचा चुनखडीचा. मराठवाड्यातल्या भारी काळ्या मातीत पाण्याचा खळगा उन्हात वाळवल्यावरही खोलच राहतो, कारण तिच्यातलं स्मेक्टाइट खनिज आपल्या थरांत पाणी धरून फुगतं आणि ते गेलं की आकसतं. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत तो उथळ असतो आणि २२०० जवळ केओलिनाइट या दुसऱ्या चिकणमाती-खनिजाचा जोडखळगा दिसतो. या दोन रेघा मी पहिल्यांदा एकावर एक ठेवल्या, तेव्हा काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा का पडतात ते डोळ्यांसमोर आलं. खूप वेळ बघत बसलो होतो.

मात्र कर्ब किती टक्के, ते रेघ आपणहून सांगत नाही. त्यासाठी आपल्याच भागातले शेकडो नमुने आधी रसायनांनी तपासून त्यांच्या रेघांशी गणित जुळवावं लागतं. उपलब्ध स्फुरद आणि पालाश यांना तर स्वतःचा असा खळगाच नाही, त्यामुळे त्यांचा अंदाज कच्चा राहतो. बांधावर यंत्र आणून कुणी सगळे आकडे सांगू लागला, तर एवढंच विचारा: हे आमच्याकडच्या मातीवर जुळवून घेतलंय का?

आणि नमुना सावलीत पुरता वाळवून द्या. ओल राहिली की पाण्याचे खळगे एवढे पसरतात, की शेजारच्या खुणा त्यांत बुडून जातात.