डावीकडे वळलं की गप्प: एका पद्मिनीच्या हॉर्न पॅडची दुरुस्ती

(दृश्य: नागपूर, महाल. मे महिन्यातली सकाळ. गॅरेजचं शटर अर्धं वर, आत एक पांढरी पद्मिनी.)

ही गाडी सरळ रस्त्यावर हॉर्न देते. उजवीकडे वळतानाही देते. डावीकडे वळायला स्टेअरिंग फिरवलं की मात्र स्टेअरिंगच्या मधोमध असलेलं हॉर्नचं पॅड कितीही दाबा, आवाज येत नाही. महालातल्या बोळांमधून गाडी काढायची म्हणजे हॉर्न लागतो तो वळणावरच, आणि नेमका तिथेच हा दगा देतो. त्यात पॅडला मधोमध चीर गेलेली. म्हणून मालकीणबाईंनी ठरवून टाकलंय की दोष पॅडचा आहे. नवं पॅड कागदात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवलंय.

मालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत. गाडी वडिलांनी घेतलेली, नव्वदच्या दशकातली, एमएच 31 पाटीची.

"भाऊ, एवढं पॅड लावून द्या. अकराच्या आत घरी पोचायचंय, मग ऊन सोसत नाही."

"लावतो ना मॅडम. पण काहून घाई करता? बिघाड पॅडमध्येच हाय का, ते आधी पाहू तर द्या."

मिस्त्रींनी एवढं विचारलं, तिथेच अर्धं काम झालं असं मी म्हणेन. जुन्या गाडीचा हॉर्न वाजेना की आधी पॅड बदललं जातं. तरी वाजला नाही की हॉर्न बदलला जातो. मग वायरी कापल्या जातात, आणि शेवटी डॅशबोर्डखाली एक वेगळंच बटण लटकवून प्रश्न मिटवला जातो. ज्या गाडीचं सगळं काही मुळातलं जपलंय, तिच्या डॅशखाली असं घंटीचं बटण लोंबताना पाहिलं की वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा दुरुस्ती तासाभराची असते.

(दृश्य: बॉनेट उघडं. ग्रिलच्या मागे दोन गोल हॉर्न.)

आवाज कसा निघतो ते आधी पाहू. हॉर्नच्या डब्यात एक विद्युतचुंबक आणि एक पातळ पोलादी पडदा असतो. करंट आला की चुंबक पडद्याला ओढतो. पडदा ओढला गेला की आतला पॉइंट, म्हणजे करंटचा संपर्क, उघडतो आणि करंट तुटतो. पडदा जागेवर परततो, पॉइंट पुन्हा जुळतो. हे सेकंदाला साधारण 400 ते 500 वेळा घडतं, आणि आपल्या कानाला तो एक सलग सूर वाटतो. एक हॉर्न चार-पाच अँपिअर करंट खातो. एवढा करंट स्टेअरिंगमधल्या नाजूक संपर्कातून न्यायचा म्हणजे तो जळणारच, म्हणून मध्ये रिले, म्हणजे बारीक करंटवर चालणारा स्विच, बसवतात. जड करंट रिले सांभाळतो. पॅड दाबल्यावर आपण फक्त रिलेच्या बारीक वायरला अर्थ देतो, म्हणजे ती गाडीच्या लोखंडाशी जोडतो.

थोडक्यात, पॅड म्हणजे अर्थ देणारा स्विच. पण हा स्विच स्टेअरिंगच्या चाकाबरोबर गोल फिरतो आणि वायर मात्र कॉलममध्ये, म्हणजे चाकाखालच्या नळीत, जागच्या जागी उभी असते. फिरणाऱ्या आणि स्थिर भागाची गाठ घालून देतात चाकाखालची पितळी रिंग आणि तिच्यावर स्प्रिंगने टेकलेला कार्बनचा एक छोटा तुकडा. या दोघांकडे फार थोडे लोक पाहतात.

(दृश्य: जुन्या स्टेअरिंग चाकांची छायाचित्रं.)

पॅड नेहमीच असं नव्हतं. सुरुवातीच्या मोटारींना रबरी फुग्याचे भोंगे होते. 1908 मध्ये अमेरिकेत क्लॅक्सन बाजारात आला आणि विजेवरचा हॉर्न रुळला. पुढे चाकाच्या मधोमध बटण आलं, मग क्रोमची चकचकीत हॉर्न रिंग. ती रिंग दिसायला देखणी, पण अपघातात चालकाची छाती तिच्यावर आणि मधल्या कडक बोंडावर आदळायची. 1968 पासून अमेरिकेत स्टेअरिंगमुळे चालकाला होणाऱ्या इजेबाबत सुरक्षा मानक लागू झालं, आणि चाकाच्या मध्यभागी रुंद, मऊ गादी दिसू लागली. हॉर्न पॅड आवाजापुरतं नाही, ते चालकाच्या छातीसमोर असतं. म्हणून चीर गेलेलं, सैल झालेलं पॅड तसंच ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी मूळची फियाट 1100 च्या घराण्यातली. इंजिन 1089 सीसी. पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं. आपण पाहतोय त्या गाडीचं चाक मात्र मधल्या काळात कधीतरी बदललेलं आहे, त्यामुळे याचे स्क्रू आणि दुसऱ्या पद्मिनीचे स्क्रू एकाच जागी असतील असं समजू नका.

(दृश्य: पॅडचा जवळून शॉट. चीर, कडेला पांढुरका पडलेला प्लास्टिकचा भाग.)

ही चीर उन्हाने पाडली. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि नवतपात पंचेचाळीसचा आकडा इथे कुणाला नवा नाही. बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. पॅडचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेला द्रव वर्षानुवर्षं या उष्णतेने निघून जातो. मग पॅड कडक होतं, आक्रसतं आणि सर्वांत पातळ जागी तडकतं. त्यामुळे इकडच्या गाडीचं पॅड काढताना जोर लावायचा नाही. डिसेंबरच्या थंड सकाळी तर मुळीच नाही. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं काही मिनिटं पॅडवर ठेवा, प्लास्टिक जरा नरमतं.

(दृश्य: मिस्त्री बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवतात.)

आधी बॅटरी सोडवली. चाकं सरळ केली. आता मिस्त्री स्टेअरिंगच्या पाठीमागून बोटं फिरवतात. डोळ्यांना न दिसणारे दोन स्क्रू बोटांना सापडतात, चाकाच्या आडव्या दांड्यांच्या मागे, वर्षांच्या मळाखाली बुजलेले. पेचकस नीट बसावा म्हणून आधी खिळ्याच्या टोकाने खाचा साफ केल्या.

सगळ्याच गाड्यांना स्क्रू नसतात. काही पॅड नुसती दाबून बसवलेली असतात, ती दोन्ही कोपरे धरून हळूहळू सरळ वर ओढायची. काही बटणं दाबून थोडी फिरवली की सुटतात. आपलं पॅड यातलं कोणतं, हे समजेपर्यंत पेचकसाने कड उचकटायला जाऊ नये. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी. तुमच्या गाडीत एअरबॅग असेल, तर यातलं काहीही घरी करू नका. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. तिथे पॅडच्या मागे स्फोटक भरलेला असतो, ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

(दृश्य: पॅड निघतं. मागे एक वायर, दोन स्प्रिंगा, पत्र्याची संपर्क पट्टी.)

पॅड सुटलं तरी मिस्त्री ते ओढून काढत नाहीत. मागची वायर हलकेच टोकावरून काढतात, स्प्रिंगा डब्याच्या झाकणात ठेवतात. मोबाईलवर फोटो काढून घेतात, कोणती स्प्रिंग कुठे होती त्याचा.

आता परीक्षा. बॅटरी पुन्हा जोडली. सुटलेल्या वायरचं टोक मिस्त्रींनी चाकाच्या मधल्या मोठ्या नटला, म्हणजे अर्थला, टेकवलं.

(हॉर्नचा आवाज.)

हॉर्न ठीक, रिले ठीक, फ्यूज ठीक. मग स्टेअरिंग डावीकडे फिरवलं आणि तेच टोक त्याच नटला पुन्हा टेकवलं.

(शांतता. मिस्त्री मालकीणबाईंकडे पाहतात.)

"पाहा मॅडम. पॅड तर तुमच्या हातात हाय, तरी डावीकडे गप्पच."

पॅड बाहेर असतानाही बिघाड तसाच राहिला. म्हणजे डावीकडच्या त्या शांततेशी पॅडचा काही संबंध नव्हता. नवं पॅड घालून बाई घरी गेल्या असत्या, तर पहिल्याच डाव्या वळणावर परत आल्या असत्या.

(दृश्य: कॉलमचं प्लास्टिकचं कव्हर उघडलं जातं. टॉर्चचा उजेड.)

कव्हर खोलल्यावर पितळी रिंग दिसते. अर्ध्या भागावर ती सोनेरी आहे, दुसऱ्या बाजूला मात्र घट्ट बसलेल्या जुन्या ग्रीसचा आणि काजळीचा काळा पट्टा. चाक डावीकडे फिरलं की कार्बन नेमका याच पट्ट्यावर येतो. कार्बनही झिजून इवलासा राहिलाय, स्प्रिंग त्याला पुरेसं दाबू शकत नाही. मिस्त्रींनी बॅटरी पुन्हा सोडवली. बारीक पॉलिश पेपरची पट्टी बोटाने रिंगवर धरली आणि मदतनीस पोराला चाक सावकाश फिरवायला सांगितलं. जाड पेपर वापरला तर पितळेवर चरे पडतात आणि तेच चरे पुढे नवा कार्बन खातात. शेवटी कोरड्या फडक्याने पूड पुसून काढली. कार्बन मात्र तयार मिळाला नाही. डायनॅमोचा एक जुना कार्बन कानशीने घासून, पुन्हा पुन्हा खाचेत घालून पाहत, मापाचा केला. खाचेत तो अडकता कामा नये आणि डुगडुगताही कामा नये.

मधला मोठा नट मात्र त्यांनी सोडवला नाही. चाक काढावं लागलं असतं तर आधी चाक आणि दांडा या दोघांवर मिळून एक रेघ आखावी लागते, नाहीतर परत बसवताना चाक तिरकं बसतं.

आता पॅडचा प्रश्न. चीर नुसती वरवरची असती तर मी जुनंच पॅड ठेवा म्हटलं असतं. तशी चीर आतून अराल्डाइट भरून सांधता येते. पण इथे ती थेट स्क्रू ज्यात बसतो त्या बोंडापर्यंत पोचली होती. तिथे सांधा धरत नाही, म्हणून नवं पॅड घालणंच योग्य.

(दृश्य: नवं पॅड बसवलं जातं.)

वायर दांडीखाली चेपणार नाही अशी वळवून घेतली, स्प्रिंगा फोटो पाहून बसवल्या, पॅडवरचं चिन्ह सरळ आलं. बॅटरी जोडली. दुसरा स्क्रू आवळता आवळता हॉर्न आपोआप वाजायला लागला आणि थांबेचना. गल्लीतली माणसं डोकावली. नवं पॅड बाजारातलं, त्याची संपर्क पट्टी जुन्यापेक्षा जरा पुढे आलेली होती. मिस्त्रींनी स्क्रू ढिले केले, प्रत्येक बोंडाखाली फायबरचा एकेक पातळ वॉशर सरकवला आणि दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या आवळल्या. आता दाबल्यावरच वाजतो, सोडल्यावर थांबतो.

मग चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत, दर चतकोर वळणावर पॅड दाबून पाहिलं.

(हॉर्न. पुन्हा हॉर्न. पुन्हा.)

या गाडीचं पासिंग जवळ आलंय. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, त्यानंतर दर पाच वर्षांनी ती तपासणीसाठी आरटीओत न्यावी लागते, आणि हॉर्न वाजला पाहिजे. तोही साधा एकसुरी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 119 वा नियम एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला मनाई करतो, कर्कश हॉर्नलाही करतो. जुन्या गाडीला संगीत हॉर्न लावायची हौस असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. माझ्या मते तर मुळातल्या दोन हॉर्नांचा, एक जाड एक बारीक, असा मिळून येणारा आवाजच या गाडीला शोभतो.

जुनं पॅड फेकायला निघालेल्या पोराला मिस्त्रींनी थांबवलं. उद्या साचा घेऊन तसंच दुसरं ओतायची वेळ आली, तर नमुना हवा. ते वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत गेलं.

"दिवाळीच्या आधी एकदा दाखवून जा मॅडम. कार्बन हातानं बनवलेला हाय, किती झिजला ते पाहून घेऊ."

"येते भाऊ. कव्हर तुम्हीच उघडा तेव्हा, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."