आधी कातळ वाजवायचा

(दृश्य: कातळावर पडणारी तळहाताची थाप, अगदी जवळून. मूळ आवाज ठेवायचा.)

हा आवाज ऐका. भरीव. आता हात फूटभर उजवीकडे सरकलाय. पुन्हा थाप. हा बद्द.

दोन्हीकडचा कातळ सारखाच काळा, सारखाच कोरडा. पण उजवीकडचा तुकडा मागच्या भिंतीपासून सुटलेला आहे. त्याच्यामागच्या फटीत काहीही अडकवलं, तरी वजन पडताच ते त्या तुकड्यासकट खाली येईल.

थाप मारणारी ही मुलगी महाडची. आज लीड तिच्याकडे आहे. वरून सोडलेला दोर तिला नाही. दोराचं टोक कमरेला बांधून ती खालून वर निघणार, वाटेत सापडतील त्या फटींमध्ये स्वतःच्या हाताने साधनं बसवणार, त्यांत दोर अडकवणार आणि पुढे सरकणार. मागून येणारा जोडीदार ती सगळी साधनं काढत वर येणार. खिळा ठोकायचा नाही, बोल्ट मारायचा नाही. याला ट्रॅडिशनल क्लायम्बिंग म्हणतात. कड्यावरची मंडळी नुसतं ट्रॅड म्हणतात.

कडा सावित्रीच्या खोऱ्यातला आहे. त्याचं नाव आम्ही मुद्दाम सांगत नाही. व्हिडिओ बघून दुसऱ्या रविवारी दोर घेऊन कुणी तिथे पोहोचावं, असं आम्हाला वाटत नाही.

(दृश्य: ड्रोन. कडा पायथ्यापासून माथ्यापर्यंत.)

कड्यावरचे हे आडवे पट्टे बघा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचे हे थर. थराचा मधला भाग घट्ट, काळा, कठीण. वरचा भाग घावनासारखा जाळीदार, कारण थंड होताना वायूचे बुडबुडे तिथेच अडकले. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल मातीचा पट्टा आहे, तो बोटाने खरवडला तरी सुटतो.

चढणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ फार सरळ आहे. घट्ट थरात उभ्या फटी मिळतात. जाळीदार थर लागला की फट बंद होते, किंवा उघडी दिसली तरी तिच्या कडा भुसभुशीत असतात. म्हणजे वीस-पंचवीस फूट चांगली साधनं लागतात आणि पुढचे पंधरा फूट काहीच लागत नाही. ते पंधरा फूट कुठे येणार, हे जमिनीवर उभं राहूनच हेरावं लागतं. इथे ती अर्धा तास नुसती वर बघत बसली होती. एडिटिंगमध्ये हा शॉट कापायचा मोह आम्ही आवरला.

(दृश्य: रत्नागिरीजवळचा जांभ्याचा कडा, खाली समुद्र.)

किनाऱ्यावरचा जांभा हा वेगळाच दगड. ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधतो, तो हाच. खाणीत मऊ, वाऱ्यावर कडक होणारा, भोकाभोकांचा. त्या भोकांत हात छान बसतो, म्हणून चढायला सोपा वाटतो. पण फटीत बसवलेल्या साधनाने जोर लावला की भोकाची कड चुरते. जांभ्यावर ट्रॅड करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: ताडपत्रीवर मांडलेली साधनं.)

हे चोकनट. तारेच्या टोकाला पाचरीच्या आकाराचा धातूचा ठोकळा. फट खालच्या बाजूला अरुंद होत असेल तर वरून आत सोडायचा आणि खाली ओढून घट्ट करायचा. खाली जितका ओढा, तितका तो अधिक रुततो. याची सुरुवात ब्रिटनमध्ये खऱ्याखुऱ्या नटांनी झाली. तिथले चढणारे यंत्राच्या नटांच्या आतले आटे घासून काढत, त्यात दोरी ओवत आणि तो नट फटीत अडकवत. पुढे अमेरिकेत इव्हॉन शुईनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट यांनी 1972 च्या आपल्या कॅटलॉगमधूनच सांगितलं, की पिटॉन, म्हणजे फटीत ठोकायचे खिळे, ठोकून कातळ फोडणं बंद करू, नट वापरू. हे दोघे स्वतः पिटॉन बनवून विकत होते. धंद्यातल्या माणसांनी असं म्हणणं मोठी गोष्ट आहे आणि त्याबद्दल आम्हाला त्यांचा आदर वाटतो.

(दृश्य: कॅम. अंगठा दांड्यावर, दोन बोटं ट्रिगरवर. पाकळ्या मिटतात, उघडतात.)

हा कॅम. जुनी मंडळी अजून याला फ्रेंड म्हणतात, कारण अमेरिकेच्या रे जार्डिनने बनवलेला पहिला कॅम 1978 मध्ये त्याच नावाने बाजारात आला. भिंती समांतर असतील तर फटीत नट टिकत नाही, तिथे हा. ट्रिगर ओढला की पाकळ्या मिटतात, फटीत घालून सोडला की उघडून भिंतींना चिकटतात. पाकळीचा वक्र असा काढलेला आहे, की फट थोडी रुंद असो वा अरुंद, पाकळी भिंतीला त्याच कोनात टेकते. खाली ओढा आला की हा बाहेरच्या बाजूला दाब टाकतो. किती? जेवढा ओढा, त्याच्या साधारण दुप्पट. तोही प्रत्येक भिंतीवर.

मघाचा बद्द आवाज इथे लक्षात घ्या. सुटलेल्या तुकड्यामागे कॅम बसवला आणि माणूस पडला, तर कॅम निसटायच्या आधी तो तुकडाच पहारीने उकलल्यागत बाहेर येतो. खाली बिले देणारा, म्हणजे दोर सोडत-धरत चढणाऱ्याला सांभाळणारा जोडीदार, उभा असतो. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर कॅम किती महागाचा आहे याला महत्त्व नाही. कातळ वाजवून पाहिला का, हे आधी विचारायचं.

आणखी एक सवय तिच्या हातात बघा. साधन बसवलं, झटका देऊन तपासलं, आणि दोर थेट त्यात न अडकवता मध्ये लांब स्लिंग, म्हणजे पट्टीचा फास, घातला. थेट अडकवला तर ती वर सरकताना दोर साधनाला हलवत राहतो. नट वर उचलला जाऊन निघतो, कॅम चालत चालत फटीत आत जातो. खालचं पहिलं साधन तर कुठल्याही दिशेचा ओढा सोसणारं हवं. ते निघालं की वरची साधनंही खालून एकेक करत सुटू शकतात.

(दृश्य: दोराचा काप. आतले पांढरे पीळ, बाहेरची रंगीत विणलेली खोळ.)

आता दोर. आत पीळदार धागे आणि बाहेर विणलेली खोळ, असा दोर जर्मनीच्या एडेलरिडने 1953 मध्ये आणला. लीडसाठी लागतो तो डायनॅमिक दोर, म्हणजे ताणणारा. यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेच्या चाचणीत अशा सिंगल दोराला 80 किलोचं वजन बांधून जबर फॉल देतात. किमान 5 फॉल त्याने सोसले पाहिजेत, आणि पहिल्या फॉलचा झटका 12 किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. 12 किलोन्यूटन म्हणजे सुमारे 1,200 किलोचा ओढा. माणसाच्या शरीराचा विचार करून ही मर्यादा घातलेली आहे.

रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरण्याचा, स्टॅटिक दोर फारसा ताणत नाही. तो उतरायला आणि बचावकार्याला उत्तम. त्याच्यावर लीड करायची नाही.

(दृश्य: बंदरावरचं दुकान. निळ्या-हिरव्या दोरांची वेटोळी.)

आणि हे दोर आपल्या प्रत्येक बंदरात मिळतात. पॉलिप्रॉपिलीनचे. पाण्यावर तरंगतात, कुजत नाहीत, होडीला आणि जाळ्याला हाच दोर हवा. जाड असतो म्हणून भरवशाचा वाटतो, आणि ‘किल्ल्यावर जायचंय’ म्हणून घेऊन जाणारी पोरं असतात. कड्यावर हा चालत नाही. झटका शोषायला तो बनवलेलाच नाही, आणि घर्षणाच्या उष्णतेने नायलॉनच्या कितीतरी आधी वितळतो.

(दृश्य: हार्नेस. आठची गाठ. दोघे एकमेकांची गाठ तपासतात.)

“बिले ऑन, दादा?”
“बिले ऑन. चल ताई.”

बिले देणाऱ्याचा खालचा हात बघा. सगळा वेळ दोरावर आहे. दोर सोडताना, ओढताना, कुणाशी बोलतानाही तो हात सुटलेला नाही. बिले देणारा कड्याला लागून उभा आहे. लांब उभा असता तर फॉलच्या झटक्याने कातळावर फेकला गेला असता.

(दृश्य: चढाई. मोठा शॉट, कापू नये. नंतर फॉल, संथ गती नको. 8 सेकंद निवेदन नाही.)

पाय ठेवलेली कपार तुटली. शेवटचा कॅम तिच्या 2 मीटर खाली होता, म्हणजे फॉल 4 मीटरचा, शिवाय दोर ताणला तेवढा. बिलेपासून तिच्यापर्यंत सुमारे 20 मीटर दोर होता. फॉलची लांबी भागिले बाहेर असलेला दोर, म्हणजे 4 भागिले 20. याला फॉल फॅक्टर म्हणतात. इथे तो 0.2.

हाच 4 मीटरचा फॉल कड्यावरच्या बिलेच्या टप्प्यावरून, म्हणजे बिले देणारा अँकरला बांधून उभा असतो त्या जागेवरून, निघून 2 मीटर वर गेल्यावर झाला असता, मध्ये एकही साधन नसताना, तर? दोर 2 मीटर, फॉल 4 मीटर. फॅक्टर 2, आणि सगळा झटका थेट बिलेच्या अँकरवर. उंचावरून पडण्याची भीती सगळ्यांना असते, पण दोर पुरेसा बाहेर असेल तर तो ताणून झटका खातो. टप्पा सोडल्यानंतरचे पहिले काही फूट फार वाईट. म्हणून टप्प्यावरून निघाली की सोपी वाट असली तरी तिने पहिलं साधन लगेच लावलं होतं.

तो कॅम पुन्हा बघा. सगळ्यात वरच्या साधनावर पडणाऱ्याचा ओढा येतो आणि दुसऱ्या बाजूने बिलेवाल्याचाही. घर्षण वजा केलं तरी तिला बसलेल्या झटक्याच्या दीडपटीहून जास्त भार त्या चार पाकळ्यांनी पेलला. तिथे कातळाचा आवाज भरीव होता.

आणि पाय. कपार तुटली तेव्हा दोर तिच्या पायांच्या पुढे होता. टाचेमागे अडकला असता तर ती उलटी झाली असती आणि डोकं आधी कातळावर गेलं असतं. हेल्मेट होतंच.

असे फॉल नेहमी असे संपत नाहीत. घोटा, कंबर, डोकं. जखमी माणूस बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकत राहिला तर काही मिनिटांतच जिवावर बेततं, आणि कोकणातल्या कड्यांवरून रस्त्यापर्यंत उतरवायला तास जातात. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात बस कोसळून 30 जण गेले, तेव्हाही दोर लावून दरीत उतरणाऱ्यांत आसपासचे ट्रेकर होते.

(दृश्य: कर्नाळ्याचा सुळका. काळी लोंबती पोळी.)

कर्नाळ्याच्या सुळक्यावरची ही आग्या माशांची पोळी. कड्यावर आरडाओरडा, धूर, अत्तर काहीही नको. माशा उठल्या तर दोरावरच्या माणसाला पळायला जागा नसते. पोळं दिसलं की ती वाट त्या दिवशी सोडून द्यायची.

(दृश्य: गंजलेला बोल्ट. ओघळलेला तांबूस डाग. बोटाने हलवताच डुलतो.)

हा बोल्ट कुणी मारला, कधी मारला, आम्ही विचारत बसलो नाही. कोकणात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने खारा वारा. साधं पोलाद गंजतं ते निदान डोळ्यांना दिसतं. समुद्राकाठचं स्टेनलेस स्टील वरून चकचकीत असतं आणि क्षारांमुळे आतून तडकतं. थायलंडच्या किनारी कड्यांवर असे बोल्ट तुटल्यावर टायटॅनियमचे बसवावे लागले. आपल्याकडे मात्र सुळक्यावर लोखंड दिसलं की हात आपोआप कॅराबिनरकडे, म्हणजे दोर अडकवायच्या कडीकडे, जातो. ‘आधीच्यांनी लावलंय’ एवढ्या आधारावर माणसं त्यावर लटकतात.

लावू नका. जवळ फट असेल तर स्वतःचं साधन लावा. ते कुठे, कसं बसलं, ते तुमच्या डोळ्यांसमोर असतं. आणि ही विद्या कड्यावर शिकायची नाही, जमिनीवर शिकायची. गावामागच्या दरडीत, छातीएवढ्या उंचीवर नट लावा, त्याला स्लिंग बांधून त्यावर उभे राहा, निसटला तर फूटभरच खाली याल. या मुलीने लीडला हात घालायच्या आधी एक अख्खा हिवाळा हेच केलं. आम्हाला विचाराल तर प्रत्येकाने करावं.

(दृश्य: जोडीदार साधनं काढत वर येतो. मग खाली, गोड्या पाण्याची बादली.)

साधनं गोड्या पाण्यात बुडवून धुतली जातात. कॅमच्या सांध्यांतलं मीठ-माती निघाल्यावर वंगण. फॉल घेतलेल्या कॅमच्या पाकळ्या एकेक करून फिरवून बघितल्या, तार वाकली नाही ना ते पाहिलं, तो पुन्हा कामाला लागेल. त्याच्यावरचा स्लिंग कातळाच्या कडेवर घासला गेला होता. तो कात्रीने दोन ठिकाणी कापला, म्हणजे पिशवीत राहून दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही. दोर सावलीत वाळतोय, कारण ओल्या नायलॉनची फॉल सोसायची ताकद बरीच कमी होते. वहीत तारीख, दोराचं टोक आणि फॉलची लांबी लिहिली गेली.

पुढच्या खेपेला त्या जाळीदार पट्ट्याच्या डावीकडून जायचं ठरलंय. उजवीकडची फट चढायला सोपी आहे, पण ती त्या बद्द वाजणाऱ्या तुकड्यामागे आहे.